शिडाच्या नावेवरचे पाहुणे

दरवर्षी ६ डिसेंबरला नाशिक, देवळाली, इगतपुरी, मनमाड या भागांतून आपली माणसे रेल्वेने दादरला जातात. चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून बाहेर पडले की समोर समुद्र दिसतो. वर्षातून एकदा समुद्र पाहायचा तो याच दिवशी, अशी पुष्कळ कुटुंबांची रीत आहे. परतण्यापूर्वी कोणी मुलाबाळांना गेटवे ऑफ इंडियाला नेतात. तेथे पाण्यात नांगरून ठेवलेल्या, उंच डोलकाठीच्या पांढऱ्या नौका पाहून मुले विचारतात, "त्यात कोण राहतं?" आणि आपण सांगून मोकळे होतो, "मोठ्या लोकांच्या आहेत त्या!"

बंधू-भगिनींनो, हे उत्तर आता पुरेसे नाही. आपली मुले नौदलात आहेत, व्यापारी जहाजांवर आहेत, परदेशातील हॉटेलांत आणि इस्पितळांत नोकरी करीत आहेत. उद्या एखाद्या बेटावर नोकरीला असलेल्या आपल्या मुलीला तिची मैत्रीण म्हणेल, "आमची शिडाची नौका इथे खाडीत उभी आहे. चार दिवस राहायला ये, आईवडिलांनाही आण." तेव्हा आपण काय करणार? पाण्याची भीती, परक्या घराचा संकोच आणि "हे आपल्यासाठी नाही" ही पिढ्यान्‌पिढ्या मनात बसवलेली समजूत, या तिन्ही गोष्टी आड येतील. म्हणून शिडाची नौका म्हणजे कसले घर असते, तेथे पाहुण्याने कसे राहायचे आणि त्या घराशी आपले जुने नाते काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

छप्पन्न फुटांचे घर

आपल्या माहितीतले उदाहरण घेऊ. गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. त्या बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली गेली. मांडवी नदीचेच दुसरे नाव म्हादेई. या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून २०१२-१३ साली कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. मग तिची धाकटी बहीण 'तारिणी' त्याच कारखान्यात तयार झाली.

'तारिणी'तून १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी या कप्तान, आणि त्यांच्याबरोबर प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी व पायल गुप्ता. कोणी उत्तराखंडची, कोणी हिमाचलची, कोणी आंध्र-तेलंगणाची, तर कोणी मणिपूरची. बोली वेगळी, जेवण वेगळे. या सहाजणी आठ महिन्यांहून अधिक काळ एका नावेत राहिल्या आणि २१ मे २०१८ रोजी सुखरूप परतल्या.

ही नौका सुमारे छप्पन्न फूट लांब आहे. आपली दीड एस.टी. एका रांगेत उभी केली तर जेवढी होईल तेवढी. रुंदीला मधोमध एका खोलीएवढी आणि पुढे निमुळती. एवढ्यातच झोपायच्या फळ्या, स्वयंपाकाचा कोपरा, नकाशाचे टेबल, शौचकूप, पाण्याच्या टाक्या, इंजिन आणि महिनोन्‌महिन्यांचा शिधा. चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसांचा संसार थाटलेल्या आपल्या माताभगिनींना हे घर मुळीच परके वाटणार नाही. वस्तू कोठे ठेवायची, कोणी कधी उठायचे, एकाने वाट दिल्याशिवाय दुसऱ्याला पुढे सरकता येत नाही, ही विद्या आपल्याकडे पिढ्यांपासून आहे!

'तारिणी'चे आणि मॉरिशस बेटाचे नाते जवळचे आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा या सहाजणींनी नौका मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात नेली आणि दुरुस्ती करून पुढे निघाल्या. पुढे दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच २०२४ च्या मार्चमध्ये 'तारिणी' गोव्याहून मॉरिशसला नेली व परत आणली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्या दोघी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यात परतल्या. नाव एक आणि माणसे दोनच. एक झोपली की दुसरी जागी! मुलीला एकटीला शिकवणीला पाठवायला कचरणाऱ्या पालकांनी ही गोष्ट घरात मोठ्याने वाचून दाखवावी.

पाहुण्याने कसे राहावे

अशा नौकेवर पाहुणा म्हणून जाताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की तेथे नुसते बसून खाणारा पाहुणा नसतो. नावेत पाय ठेवला की तुम्ही खलाशी झालात. कांदा चिरणे, भांडी विसळणे, दोर ओढून धरणे, रात्री तासभर जागून नांगर सरकत नाही ना हे पाहणे, जे जमेल ते काम मागून घ्यावे. मालक आणि मजूर हा भेद तेथे चालत नाही, कारण वारा उलटला की मालकालाही दोर ओढावाच लागतो.

मोठी पत्र्याची पेटी नेऊ नये. ती ठेवायला जागा नसते. घडी करता येईल अशी कापडी पिशवी न्यावी. चपला-बूट काठावरच काढावेत. किनाऱ्यावरून नौकेपर्यंत छोट्या होडीने जावे लागते. त्या होडीत एकेकाने उतरावे, पाय मधोमध ठेवावा आणि लगेच खाली बसावे. काठावर उभे राहिल्याने होडी कलंडते. नौकेवर चालताना एक हात कामाला आणि एक हात आधाराला, हा नियम. शिडाच्या खालची आडवी दांडी वाऱ्याबरोबर एकदम दुसऱ्या बाजूला फिरते. तिचा तडाखा डोक्याला बसला तर प्राणावर बेतते. कप्तानाने "डोके खाली" म्हटले की का, कशाला, हे नंतर विचारावे. जीवरक्षक जाकीट घालायला सांगितले तर लाजू नये. पोहता येणारेही ते घालतात.

पहिले एक-दोन दिवस पुष्कळांना मळमळते. हा काही दुबळेपणा नाही. कान आणि डोळे मेंदूला वेगवेगळी खबर देतात, त्यामुळे तसे होते. आत अंधारात पडून न राहता बाहेर मोकळ्या हवेत बसावे, दूर क्षितिजावर नजर ठेवावी, पोट रिकामे ठेवू नये, आल्याचा तुकडा चघळावा.

स्वयंपाकाची शेगडी झुलती असते. नाव कलली तरी ती सपाट राहते, म्हणजे भाताचे पातेले उलटत नाही. आपल्या घरासारखाच तेथेही गॅस असतो, पण धोका अधिक. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर खाली नावेच्या पोटात साचून राहतो. म्हणून काम झाले की नुसती शेगडी बंद करून भागत नाही, सिलिंडरचा खटकाही फिरवावा लागतो. शौचकुपाला हातपंप असतो. तो कसा चालवायचा हे आल्या आल्या विचारून घ्यावे. न विचारता काहीतरी टाकून तो तुंबवला, तर सर्वांचेच हाल होतात.

बेटाच्या कडेने पाण्याखाली प्रवाळ असते. तो दगड नव्हे, सजीवांची वस्ती आहे. त्यावर नांगर टाकायचा नाही, पाय द्यायचा नाही. मॉरिशसकडे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात चक्रीवादळे होतात, हेही जाण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे पाणी. चहूकडे समुद्र आणि पिण्याचे पाणी टाकीत असेल तेवढेच. काही नौकांवर खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असते, पण ते बंद पडू शकते. म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी गोड्या पाण्यात विसळायची. अंघोळ समुद्रात करून अंगावर शेवटचे एक-दोन तांबे गोडे पाणी घ्यायचे. पाऊस आला तर शिडाखाली बादल्या लावायच्या. नळाला पाणी यायच्या आत हंड्यांची रांग लावणाऱ्या आपल्या भगिनी या परीक्षेत पहिल्या येतील.

आणि येथेच एक मोठी गोष्ट घडते. टाकी एक, तोटी एक, पेला एक. कप्तान, खलाशी, पाहुणा, सर्वांचा वाटा सारखा. कोणी कोणाला वरून पाणी ओतत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले ते याच हक्कासाठी. जे गावाला शेकडो वर्षे जमले नाही, ते छप्पन्न फुटांच्या नावेत पहिल्याच दिवशी करावे लागते. कारण तेथे जात पाळायला दुसरी टाकीच नसते!

नावेवर ऐकलेली बुद्धवाणी

असा नावेवरचा सहवास माणसाला कोठे नेऊ शकतो, याची गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. तेथे पूर्ण नावाचा व्यापारी होऊन गेला. दिव्यावदान या बौद्ध ग्रंथात त्याची कथा आहे. त्याचा बाप भव हा श्रीमंत व्यापारी, परंतु आई त्या घरची दासी. म्हणून बापामागे वाटणी झाली तेव्हा दासीपुत्राला हिस्सा मिळाला नाही. पूर्ण खचला नाही. त्याने स्वतःच्या हुशारीने चंदनाचा व्यापार केला, सहा वेळा समुद्र ओलांडला आणि व्यापाऱ्यांचा प्रमुख झाला.

सातव्या सफरीला श्रावस्तीचे व्यापारी त्याच्या जहाजावर सोबतीला आले. ते रात्री आणि पहाटे काहीतरी एकसुरात म्हणत. पूर्णाला वाटले, ही गाणी आहेत. तो म्हणाला, फार सुरेख गाता तुम्ही. त्यांनी सांगितले की ही गाणी नव्हेत, हे बुद्धाचे वचन आहे. 'बुद्ध' हा शब्द कानी पडताच पूर्णाच्या अंगावर रोमांच उभे राहिले. सफर संपल्यावर तो श्रावस्तीला गेला, अनाथपिंडिकाने त्याला भगवंतांकडे नेले आणि तो भिक्खू झाला. त्याने आपल्या या पश्चिमेकडच्या मुलखात धम्म आणला.

कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवू. उरते ते असे, की वाटणीतून बाहेर काढलेल्या दासीपुत्राला धम्म प्रथम भेटला तो मंदिरात नव्हे, राजवाड्यात नव्हे, तर भर समुद्रात शिडाच्या जहाजावर, पाहुण्या मित्रांच्या तोंडून.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णाची कथा रंगवलेली आहे. तिच्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे. अजिंठ्याला सहल काढाल तेव्हा मुलांना ते जहाज अवश्य दाखवा. विशेष म्हणजे अजिंठ्याच्या जहाजचित्रावरून आपल्याच काळात खरे जहाज बांधले गेले. वर ज्यांचे नाव आले त्याच दांडेकरांच्या गोव्यातील संस्थेत, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली, खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ते तयार झाले. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते 'कौण्डिन्य' या नावाने नौदलात दाखल झाले. (हा कौण्डिन्य पंचवर्गीय भिक्खूंपैकी नव्हे. समुद्र ओलांडून पूर्वेकडे गेलेल्या एका प्राचीन दर्यावर्दीचे हे नाव आहे.) जहाजाला इंजिन नाही. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये केवळ वाऱ्यावर ओमानमधील मस्कतला पोहोचले. बौद्ध लेण्यातील चित्र खोटे नव्हते, हे समुद्राने सिद्ध केले.

समुद्रबंदी आणि जहाजी भाई

मग हा समुद्र आपल्यापासून तुटला कसा? बौधायन धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या पापांची यादी आहे. तिच्यात पहिलेच पाप समुद्रप्रवास! पुढे तर तो कलियुगात वर्ज्य ठरवला गेला. विलायतेहून परतलेल्या सवर्णांना प्रायश्चित्त घ्यावे लागे. समुद्रावर गेले की दुसऱ्याच्या हातचे खावे लागते, एकत्र राहावे लागते. म्हणजे सोवळे-ओवळे टिकत नाही, जात टिकत नाही. शास्त्रकारांना पाण्याची भीती नव्हती, माणसे एकत्र येण्याची भीती होती.

मात्र गरिबांना परक्यांच्या ऊसमळ्यांत राबायला पाठवताना ही बंदी कोणाच्या आड आली नाही. १८३४ सालापासून करारबद्ध मजूर म्हणून साडेचार लाखांहून अधिक भारतीय मॉरिशसला गेले. सुरुवातीला ते शिडाच्याच जहाजांतून गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि मुले शाळेत मराठी शिकतात. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर हे मजूर उतरत, त्याच्या सोळा पायऱ्या आजही आहेत. आप्रवासी घाट या नावाने २००६ साली त्याचा जागतिक वारशात समावेश झाला.

त्या प्रवासात हाल होते, रोगराई होती, पुढे मळ्यावर चाबूक होता. परंतु एका जहाजातून आलेली माणसे एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणू लागली. एका तळात झोपलेल्या, एका पिंपातले पाणी प्यालेल्या माणसांना जुने उच्चनीच तसेच्या तसे पाळणे शक्य राहिले नाही. जहाजी भाई हे नाते कित्येकदा सख्ख्या भावापेक्षा घट्ट मानले गेले. आज मॉरिशसच्या खाडीत नांगरलेल्या नौकेवर जो कोणी पाहुणा म्हणून जाईल, त्याने आधी त्या सोळा पायऱ्यांवर क्षणभर उभे राहावे. बेट म्हणजे नुसती नारळाची झाडे आणि निळे पाणी नव्हे, हे मग कळेल.

बाबासाहेबही बोटीनेच जगात गेले. १९१३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते समुद्रमार्गे न्यूयॉर्कला पोहोचले. १९१७ साली ते परतताना त्यांचे ग्रंथ ज्या बोटीवर होते ती युद्धात बुडाली, पण त्यांनी समुद्राकडे पाठ फिरवली नाही. २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराचे दार बंद करण्यात आले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून बोटीत चढले. दाराने अडवले, समुद्राने वाट दिली.

आता आपण काय करावे?

पहिले, मुलामुलींना पोहायला शिकवा. हा चैनीचा विषय नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीत उतरायची बंदी होती. ते दिवस पूर्ण गेले असे समजू नका. २०१८ साली जळगाव जिल्ह्यातील वाकडी गावात विहिरीत पोहल्याबद्दल मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना नग्न करून मारहाण झाली. पोहणे हा हक्क आहे, आणि तो वापरला नाही तर जातो. शिवाय दर उन्हाळ्यात नदीत, कालव्यात बुडून मुले दगावतात. महापालिकेच्या जलतरण तलावात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मुलांना घाला, आणि मुलींना आधी.

दुसरे, शाळा-महाविद्यालयात एन.सी.सी. असेल तर तिच्यात नौदल विभागही असतो, याची चौकशी करा. तेथे मुलांना वल्ह्याची आणि शिडाची होडी चालवायला शिकवतात. त्यासाठी श्रीमंत बाप लागत नाही.

तिसरे, समुद्राशी ओळख करून घ्यायला मॉरिशसच गाठले पाहिजे असे नाही. गोव्याला गेलात तर जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा, जेथे 'म्हादेई' आणि 'तारिणी' जन्मल्या. पायी जाणाऱ्याला त्या बोटीचे पैसे पडत नाहीत. आणि ही फुकट नावेची कल्पना नाशिककरांना नवी नाही. आपल्या त्रिरश्मी लेणीतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डाहणुका या नद्यांवर त्याने लोकांसाठी विनामूल्य नावा ठेवल्याची नोंद तेथे आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या भिक्खूंना लेणे देणाऱ्याला पाणी ओलांडणारा माणूस अडू नये असे वाटले. त्रिरश्मीला जाल तेव्हा तो लेख मुलांना दाखवा.

चौथे, मैत्री करायला भिऊ नका आणि आमंत्रण आले तर नाकारू नका. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बेटावर कोणत्याही मिठाईपेक्षा मोलाची ठरते. आपल्या वाट्याचे काम करा, आपल्या वाट्याचेच पाणी घ्या, आणि पहाटे आपल्या सवयीने त्रिसरण-पंचशील म्हणा. शेजारी झोपलेला कोणी उठून विचारील, "हे कोणते गाणे?"

श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांनी त्या प्रश्नाला जे उत्तर दिले, तेच आपण द्यायचे आहे.

जयभीम!